दुसरी तारीख

जून लागला की आमच्या छापखान्यात एकाच आठवड्यात चार-पाच पदग्रहण समारंभांच्या पत्रिका येऊन पडायच्या. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, लायन्सचं आणि इनरव्हीलचंही तेव्हाच. जेसीजचं तेवढं जानेवारीत. मावळते अध्यक्ष, नूतन अध्यक्ष, सचिव, खजिनदार, पदप्रदान अधिकारी, स्नेहभोजन. मजकूर ठरलेला असायचा, नावं बदलायची. सांगलीत मारुती चौकाजवळच्या बोळात आमचा छापखाना वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घातला. १९८८ पासून मी त्यात पूर्णवेळ आहे. पत्रिकांच्या मागोमाग क्लबांच्या वार्तापत्रांचं काम आलं. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, मधल्या दोन पानांवर झालेल्या कार्यक्रमांचे वृत्तांत, शेवटच्या पानावर सभासदांचे वाढदिवस आणि त्याखाली ‘आगामी कार्यक्रम’ अशी चौकट. सांगली-मिरजेचे क्लब होतेच, पुढे तासगाव, पलूस, विटा, कवठे महांकाळकडचेही येऊ लागले.

त्या चौकटीने मला क्लबांच्या सेवाकार्यात ओढलं. बाकीची पानं झालेल्या गोष्टींची. चौकटीत मात्र अजून न झालेलं काहीतरी असतं आणि तिच्या भरवशावर कोणीतरी घरातून निघणार असतं. हे मला आपसूक कळलं नाही. कळायला एक चूक घडावी लागली आणि ती चूक माझ्या हातची होती.

१९९५ च्या जानेवारीत एका क्लबाचं नेत्रतपासणी शिबिर होतं. गाव शहरापासून वीसेक किलोमीटरवर, जागा जिल्हा परिषदेची शाळा. तेव्हा आमच्याकडे ट्रेडल होती आणि मजकूर खिळ्यांनी जुळवायचा. काम झालं की जुळारी खिळे सोडवून परत केसमधल्या आपापल्या घरात टाकायचा. देवनागरी २ आणि ३ यांची घरं शेजारी. कधीतरी सोडवताना एक ३ चा खिळा २ च्या घरात पडला असणार. शिबिर होतं रविवारी, २२ तारखेला. पत्रकावर छापून गेलं ‘रविवार दि. २३’. प्रूफ मी वाचलं होतं. गावाचं नाव तपासलं, डॉक्टरांच्या पदव्या तपासल्या, देणगीदारांच्या नावातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. तारखेवरून नजर नुसती फिरली.

दोन हजार पत्रकं एसटीच्या कंडक्टरांकरवी, दूध डेअऱ्यांतून आणि पिठाच्या गिरण्यांतून आसपासच्या गावांत गेली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते पत्रक, तेव्हा ते वाचणार दुसरंच कोणी. ज्याने ‘रविवार’ वाचून दाखवलं त्याच्या घरचं म्हातारं माणूस रविवारी आलं. ज्याने ‘तेवीस तारीख’ वाचून दाखवलं त्याच्या घरचं सोमवारी. रविवारी संध्याकाळी क्लबाच्या सचिवांना कोणीतरी पत्रक दाखवलं तेव्हा चूक लक्षात आली आणि त्यांचा मला फोन आला. सोमवारी सकाळी मी स्कूटर घेऊन गेलो. शाळा भरली होती, आत पाढे चालले होते आणि बाहेर लिंबाच्या पारावर अकरा माणसं बसली होती. काहींनी घोंगडी आणली होती, दोघांकडे भाकरीची फडकी होती. डॉक्टरांचा चमू रविवारीच मिरजेला परत गेला होता.

मी एक मेटाडोर ठरवली. मिरजेच्या रुग्णालयाने त्या लोकांना तपासायचं कबूल केलं. दहाजण गाडीत बसले. अकरावी एक आजी होती, धाकट्या नातवाचा हात धरून आलेली. ती म्हणाली, “दादा, ह्येला साळंला जायाचं हाय. आज ह्यो आला, उंद्या कोन येतंय माज्यासंगं?” मी पुष्कळ विनवलं. ती उठली आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून परत गेली. मी तिचं नाव-गाव विचारलं नाही. गाडीतल्या दहाजणांची मला घाई होती.

पुढच्या हिवाळ्यातल्या शिबिरात ती पुन्हा दिसली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू वर्षभरात अति पिकून डोळ्यातला दाब वाढला होता आणि ती नजर आता येणार नव्हती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, भिंग बसलं, तिला दिसू लागलं. तिने मला ओळखलं नाही, ओळखण्याचं कारणही नव्हतं. तारीख मीच चुकवली होती हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “आसंल बाबा, लिवल्यालं चुकतंय.” तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही तारीख वाराशी ताडून पाहिल्याशिवाय यंत्रावर चढत नाही. ती ताडायची मोठ्याने वाचून आणि दोन माणसांनी. लग्नपत्रिकेलाही तोच नियम.

१९९५ सालीच ९ डिसेंबरला देशभरातला पहिला पल्स पोलिओ दिवस झाला आणि दुसरा २० जानेवारी १९९६ ला. त्या मोहिमेची काही पत्रकं एका क्लबाने आमच्याकडे छापली. जुळारी मजकूर जुळवत होता आणि मी शेजारी उभा होतो. त्या पत्रकावर दोन तारखा होत्या, एकाच मापाच्या ठळक खिळ्यांत, शेजारी शेजारी. मला ते नवीन होतं. तोवर मी सेवाकार्याची जी शेकडो पत्रकं छापली होती त्यांवर एकच तारीख असायची. पोलिओचा डोस एकदा पाजून भागत नाही, पुन्हा पाजावा लागतो, म्हणून पहिल्या दिवसाबरोबरच दुसरा दिवस जाहीर करायचा. पहिल्या दिवशी आलेल्या आईने घरी जाताना दुसरी तारीख पदरात घेऊनच जायचं.

रोटरीने पोलिओचं काम १९८५ साली जगभरासाठी हाती घेतलं. आपल्याकडे शेवटचा रुग्ण सापडला तो १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या इतक्या वर्षांत किती रविवार गेले असतील! मी बूथवर बसायला लागलो तेव्हा क्लबाचा सभासदही नव्हतो. शाईचा मला सराव होता, म्हणून बाळांच्या डाव्या करंगळीवर खूण करायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी नर्सताई वहीत आकडे मांडायच्या आणि म्हणायच्या, “आता उद्यापासून खरं काम.” रविवारी जी बाळं बूथवर आली नाहीत त्यांच्यासाठी सोमवारपासून घरोघरी जायचं. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या पालांवर, स्टँडवर. आमच्या फोटोंत नेहमी रविवार असायचा, सोमवार नसायचा. आशाताई आणि नर्सताई सोमवारी एकट्या चालत जायच्या. पुढे आमच्यापैकी चौघे-पाचजण सोमवारी दुकान उशिरा उघडून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. या कामाविषयी माझी जी काही समजूत आहे ती त्या सोमवारांनी दिलेली आहे.

२००१ मध्ये मला रोटरीचं सभासदत्व मिळालं. वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं घ्यायची ही रोटरीची जुनी रीत, त्याला ते वर्गीकरण म्हणतात. माझं वर्गीकरण ‘मुद्रण’. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांना घेऊन पहिली बैठक केली, त्यानंतर लगेचच हॅरी रगल्स नावाचा एक मुद्रक त्यांना येऊन मिळाला आणि पाचवा रोटेरियन म्हणून ओळखला गेला. सभेत गाणी म्हणायची प्रथा त्याने पाडली. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडलं रोटरी. संस्थेचं नावच मुळी पुढची बैठक कुठे, या प्रश्नातून आलेलं आहे.

सभासद झालो तरी छापखान्यात सगळ्याच क्लबांची कामं येत राहिली. त्यामुळे कोणाही अध्यक्षाला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. प्रत्येकाजवळ आपली चौकट असायची, माझ्या टेबलावर सगळ्यांच्या चौकटी एकत्र पडलेल्या असायच्या. १५ ऑगस्टला या क्लबाचं रक्तदान, त्या क्लबाचंही रक्तदान, शिवाय दोन मंडळांची. एकाच गावात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नेत्रशिबिरं, आणि त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं एकही नाही. मग मी भिंतीवर एक मोठा कोरा कागद लावला, डबल डेमी. बारा महिन्यांचे रकाने आखले. जो क्लब जी तारीख छापायला आणेल ती त्या क्लबाच्या रंगाच्या पेन्सिलीने तिथे लिहायची. कोणाला काही सांगायचं नाही, फक्त लिहायचं.

लोक प्रूफ बघायला यायचे तेव्हा भिंतीकडे नजर जायचीच. “अहो, आमच्याच दिवशी यांचंही आहे की!” असं म्हणत एखादा सचिव तिथूनच दुसऱ्या सचिवाला फोन लावायचा. तारीख बदलून द्या अशी विनंती मी स्वतः पहिल्यांदा केली ती रक्ताच्या बाबतीत, आणि तो अनुभव जरा सविस्तर सांगायला हवा.

रक्तपेढीत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने मला कोष्टक करून दाखवलं होतं. साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, कोणत्या द्रावणात ठेवल्यात त्यावर ते अवलंबून. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. म्हणजे १५ ऑगस्टला शहरातल्या उत्साही माणसांनी एकदम रक्त दिलं की ती सगळी माणसं नोव्हेंबरपर्यंत बाद आणि ते रक्त सप्टेंबरअखेर संपलेलं किंवा वाया गेलेलं. एप्रिल-मे तर दरवर्षीचा कोरडा. कॉलेजांना सुट्टी, ऊन, लग्नसराई. पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते. अशा एका मुलाचे वडील छापखान्यात व्हिजिटिंग कार्डं करायला आले होते. खिशात त्यांनी एक डायरी ठेवली होती, तीत मुलाच्या रक्ताच्या तारखा. मे महिन्याच्या पानांवर प्रत्येक तारखेपुढे प्रश्नचिन्ह होतं. ते पान पाहिल्यावर मला गप्प बसवेना.

मी एका क्लबाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांचं शिबिर संस्थापक सभासदाच्या स्मृतिदिनी, ऑगस्टमध्येच असायचं. ते मे महिन्यात घ्या म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. स्मरणाचा दिवस हलवणं सोपं नसतं, घरच्यांच्या भावना असतात. दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी त्या दिवंगत सभासदांच्या पत्नीच म्हणाल्या, की स्मृतिदिनी आपण फोटोला हार घालू, पण ते असते तर रक्त ज्या महिन्यात कमी पडतं त्या महिन्यातच द्या म्हणाले असते. तेव्हापासून ते शिबिर मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला सुरू होतं आणि ऊन चढायच्या आत आटोपतं. जागा मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांखाली राबणारे हमाल पहिल्या तासात येतात. बायका येतात आणि बऱ्याचदा परत पाठवाव्या लागतात, कारण हिमोग्लोबिन साडेबारा भरत नाही. परत पाठवलेल्या बायकांची नावं आम्ही आधी नुसती खोडायचो. आता इनरव्हीलच्या सभासद ती यादी घेतात आणि लोहाच्या गोळ्यांसाठी त्यांना आरोग्य केंद्रात नेतात. ही इनरव्हील म्हणजे रोटेरियनांच्या घरच्या बायकांनी १९२४ साली मँचेस्टरमध्ये सुरू केलेली संघटना. रोटरीने बायकांना सभासदत्व दिलं ते फार उशिरा, १९८९ मध्ये. आमच्या भागात तर माणसाला शेवटपर्यंत धरून राहण्याचं काम मी इनरव्हीलच्या बायकांनी केलेलंच जास्त पाहिलं आहे.

भिंतीवरच्या कागदाने हळूहळू आणखी बरंच शिकवलं. सुरुवातीला त्यावर इंग्रजी महिने होते फक्त. मग तासगावकडच्या एका शिबिराला ऑक्टोबरात चिटपाखरू आलं नाही. द्राक्षबागांची फळछाटणी चालू होती. त्या पंधरवड्यात बागायतदाराला आणि मजुराला डोकं वर काढायला सवड नसते, आईबापाला तपासायला कोण आणणार? तसाच एप्रिल, खरड छाटणीचा. मी कागदावर छाटण्या लिहिल्या. मग ऊसतोडीचा हंगाम, शिराळ्याची नागपंचमी, तासगावचा रथ, आषाढीची वारी, प्रत्येक गावचा आठवडी बाजार. अमावास्या आणि पितृपक्षही लिहिले, कारण त्या दिवसांत ऑपरेशनला कोणी तयार होत नाही. यावरून आमच्याच क्लबात एकदा वाद झाला. एक तरुण डॉक्टर म्हणाले, आपण असल्या समजुतींना खतपाणी घालता कामा नये. त्यांचा मुद्दा मला पटतो. पण जिची नजर जात चालली आहे अशा बाईशी मोतीबिंदू काढण्याआधी अमावास्येवरून वाद घालावा असं मला वाटत नाही. तारीख दोन दिवस पुढे घेतली की काम होतं. समजुतीबद्दल नंतर बोलता येतं, आणि तेव्हा ती समोरच्याला पाहून बोलते.

डोळ्यांचं काम आमच्याकडे मुख्यतः लायन्सचं. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सचं अधिवेशन झालं, तिथे हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून जगभर त्यांनी ते आपलं मानलं. पण शिबिराची गाडी गावात जायची तेव्हा कोण लायन आणि कोण रोटेरियन हे आमच्याकडे बघितलं जात नसे. तपासणीच्या दिवशीची लगबग सगळ्यांना आवडते. रांगा, रक्तदाब, साखरेची तपासणी, नासूर आहे का ते पाहायला पिचकारी, मग कपाळावर चिकटपट्टी लावून त्यावर कोणता डोळा ते लिहायचं. निवडलेले लोक बसने मिरजेला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहायला मी आजही वेळ काढून जातो. इथवर सगळं वार्तापत्रात यायचं. अमुक तपासले, तमुक शस्त्रक्रिया यशस्वी.

पुढचं यायचं नाही, कारण पुढचं बहुधा घडायचंच नाही. आठवड्याने एकदा दाखवायचं असतं. थेंब महिना-दीड महिना चालू ठेवायचे, चुलीच्या धुरापाशी बसायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. साधारण दीड महिन्याने नंबर स्थिर झाला की चष्मा. आणि बहुतेकांचा दुसरा डोळाही मोतीबिंदूचाच असतो, त्याची वेळ पुढे असते. हे सगळं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असायचं, तो कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत जायचा. चष्म्याच्या दिवशी निम्मी माणसंही यायची नाहीत. उरलेले चष्मे नावाच्या चिठ्ठ्यांसकट खोक्यात पडून राहायचे. असं एक खोकं बरीच वर्षं माझ्या छापखान्याच्या माळ्यावर होतं.

आम्ही आमच्या परीने सुधारणा केली. पोलिओचं पत्रक माझ्या डोक्यात होतंच. डोळ्याच्या पत्रकावर तीन तारखा छापायला लागलो : तपासणी, फेरतपासणी, चष्मे. ‘आगामी कार्यक्रम’ या चौकटीतही चष्म्यांची तारीख शिबिराइतक्याच ठळक अक्षरांत. थोडा फरक पडला, फार नाही. मग एका सभेत इनरव्हीलच्या एक बाई उठल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, “तुम्ही तारखा छापता. म्हातारीबरोबर कोण येणार ते कुठे छापता?”

मला लिंबाचा पार आठवला. नातवाच्या खांद्यावरचा हात आठवला. वीस वर्षं मी तारीख बरोबर छापण्याच्या मागे लागलो होतो आणि ती आजी त्या दिवशी तारखेमुळे नव्हे, सोबत नाही म्हणून परत गेली होती. तिने तेच तर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि माझ्या चुकीच्या ओझ्याखाली मला ते कळलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही एक कार्ड केलं. पिवळं, जाड, खिशात किंवा चंचीत मावेल एवढं. वर नाव आणि कोणता डोळा, खाली तीन तारखा वारांसकट, आणि त्याखाली एक ओळ : ‘सोबत येणार :’ आणि पुढे कोरी जागा. शिबिराच्या दिवशीच ती जागा भरून घ्यायची. मुलगा, सून, शेजारीण, कोणीही. ज्याला कोणी नाही त्याच्या कार्डावर क्लबाच्या एका सभासदाचं नाव. त्या सभासदाने त्या दिवशी त्या घरी जायचं, माणसाला घेऊन यायचं आणि परत सोडायचं. पहिल्या वर्षी सभासद कां-कूं करत होते. पैसे द्यायला कोणाची ना नसते, मंगळवारची सकाळ द्यायला जड जातं. पण एकदा गेलेला माणूस पुढच्या वेळी स्वतःहून विचारतो, “यंदा माझ्याकडे कोण?” कारण त्या घरात त्याला चहा मिळालेला असतो आणि चष्मा लावल्यावर त्या माणसाने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलेलं असतं. माळ्यावरचं खोकं आता रिकामं आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी छापखान्यात शिरलं. २००५ लाही शिरलं होतं, पण हे वेगळं होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. कागदाची रिमं फुगून भिंतीला टेकली, आणि भिंतीवरचा तारखांचा कागद लगदा होऊन खाली आला. ८ तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटली. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, की पाण्यात उतरायचं काम लष्कराचं आणि एनडीआरएफचं, आपण कोरड्या बाजूला उभं राहायचं. शहराच्या उंच भागातल्या एका कार्यालयात सगळ्या क्लबांची मिळून एकच बैठक रोज रात्री आठला भरू लागली. कोणाचा बॅनर लावायचा नाही एवढं पहिल्याच दिवशी ठरलं.

पहिल्या चार दिवसांत राज्यभरातून बिस्किटं आणि जुने कपडे इतके आले की ठेवायला जागा उरली नाही. मी एका वहीत रकाने आखले. आज काय लागेल, सहाव्या दिवशी काय, विसाव्या दिवशी काय. पाणी ओसरलं की खराटे, फावडी, गमबूट, ब्लीचिंग पावडर. चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. विसाव्या दिवशी पोरांची वह्या-पुस्तकं, शिवणयंत्रांची दुरुस्ती, सुताराची हत्यारं. दूरच्या क्लबांचे फोन यायचे, ट्रक भरून उद्या निघतो म्हणायचे. मी सांगायचो, उद्या नको, २७ ला या. काहींना ते रुचलं नाही. टीव्हीवर पूर दिसत होता तोवर मनं भरून आली होती, २७ पर्यंत टीव्हीवर काय असेल कोणास ठाऊक, असं एकाने प्रामाणिकपणे सांगितलं. तरी बरेच क्लब थांबले. २७ ला जे ट्रक आले त्यांतली शिवणयंत्रं आजही चालू आहेत, त्यांतलं एक आमच्याच बोळाच्या तोंडाशी आहे.

छापखान्यात आता फारसं छापलं जात नाही. वार्तापत्रं मोबाइलवर जातात, पत्रिकाही. भिंतीवर नवा कागद आहे, त्याचा फोटो काढून मी दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्या सचिवांच्या ग्रुपवर टाकतो. पिवळी कार्डं मात्र अजून छापतो, कारण पेटीत आणि चंचीत मोबाइल राहत नाही. या महिन्याचा रकाना आज सकाळी भरला. पहिल्या रविवारी जतच्या बाजूला तपासणी शिबिर. दुसऱ्या आठवड्यात विभागीय सभा, पाच क्लबांची मिळून, आणि पुढच्या मेचं रक्तदान कोणी कुठे घ्यायचं ते तिथेच ठरेल. तिसऱ्या शनिवारी रोटरीच्या शाळकरी क्लबाच्या, म्हणजे इंटरॅक्टच्या, मुलांची वृक्षगणना. चौथ्या मंगळवारी मागच्या शिबिराचे चष्मे.

चष्म्यांच्या यादीत कवठे महांकाळच्या बाजूच्या वाडीवरचे एक आजोबा आहेत. दोन्ही मुलं ऊसतोडीला गेली आहेत, फाल्गुनाशिवाय परतायची नाहीत, सून लेकरांसह त्यांच्याबरोबरच. शेजारचं घर बंद. शिबिराच्या दिवशी कार्डावरची ती जागा कोरी राहिली होती, कार्यकर्त्याने शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह केलं होतं. काल मी त्यांना फोन केला. ऐकू कमी येतं, म्हणून तारीख आणि वार दोनदा मोठ्याने सांगितला. “मंगळवारी यस्टी सकाळी सातला हाय,” ते म्हणाले, “पर तुमी कशाला येताय, लांब हाय.” मी म्हटलं, सोमवारी रात्रीच मुक्कामाला येतो. कार्डावरचं प्रश्नचिन्ह खोडून तिथे माझं नाव लिहिलं आहे.